एक फावडं राहिलंय

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं त्यावर पुष्कळ लिहून झालंय, पण एक गोष्ट राहिली. पाणी ओसरल्यावर आमच्या दुकानात गुडघाभर चिखल, डाळ-तांदूळ कुजलेले, वास असा की उभं राहवेना, आणि तेव्हा मुंबईकडच्या एका मेथडिस्ट (ख्रिश्चनांतला एक पंथ) चर्चची सात-आठ पोरं-पोरी गमबूट घालून, घमेली-फावडी घेऊन दारात. आई म्हणाली, "धर्माबिर्माचं काय नाय ना हे?" खरं सांगतो, मलापण तीच शंका. पण पत्रक नाही की प्रवचन नाही, जेवण स्वतःचं, आमचा फक्त चहा घेतला, तोही कोरा, दूध कुठलं मिळायला! मेथडिस्ट लोक 1870 च्या दशकापासून मुंबईत आहेत हे त्यातल्याच एकीने वजनकाटा पुसता पुसता सांगितलं. तो काटा अजून चालतो.

फिनेलचा एक कॅन ठेवून सेल्फी काढणारे बरेच आले हो. यांनी मागचं तुंबलेलं गटार हाताने मोकळं केलं, फोटो एकपण नाही. त्यांचं एक फावडं आमच्याकडे राहिलंय, हे वाचून कोणी आलं तर बरं.

एक दुकानदार, चिपळूण