हार नको, पलंग पाहिजे

परभणी

प्रिय बंडू,

व्हॉट्सॲपवरचा तुझा तो लांबलचक निरोप वाचला. तिथंच अंगठा दाखवून मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. नाटककार वसंत सबनीसांच्या नावानं कार्यक्रम करायचा, एवढं आपलं ठरलंय. वाद आहे तो करायचं काय यावर. तू म्हणतोस, पुण्याहून वक्ता आणू, पडद्यावर ‘अशी ही बनवाबनवी’तले प्रसंग दाखवू, दारात धनंजय मानेंचा भलामोठा कटआऊट उभा करू, लोक फोटो काढतील. काढतील की! पण मग तो सत्कार अशोक सराफांचा झाला. त्यांचाही करू, पण वेगळा करू. ज्यानं त्यांच्या तोंडी ती वाक्यं घातली, तो माणूस याही वेळी विंगेतच उभा राहणार असेल तर आपण हा खटाटोप कशासाठी करायचा?

आधी तारखेचं बोलतो. सबनीसांचा जन्म सोलापूरचा, ६ डिसेंबर १९२३. म्हणजे जन्मशताब्दी होऊनही गेली आणि आपल्याकडं कुणाला पत्ता नव्हता. तू जयंतीचा हट्ट धरलायस, पण ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी सकाळपासून लोक पांढऱ्या कपड्यांत पुतळ्याकडं निघालेले असतात. त्या गावात संध्याकाळी ढोलकी वाजवायची नसते, हे तुला सांगायला नको. १५ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन, पण तेव्हा सगळे सोयाबीनच्या राशीत अडकलेले. म्हणून मी ५ नोव्हेंबर धरलाय. रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून पाळतात तो. राशी उरकलेल्या असतात, लोकांच्या हातात वेळ असतो. पैसा असतो असं म्हणत नाही, भाव काय चाललेत ते तूही वाचतोस.

आता मुद्दा. आपण सबनीसांचं लोकनाट्य ‘विच्छा माझी पुरी करा’ उभं करायचं. भाषण नाही, दीपप्रज्वलन नाही, हार घातलेला फोटो नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग.

तू म्हणशील, ते दादा कोंडक्यांचं. हेच तर दुखणं आहे! १९६५ साली ते रंगभूमीवर आलं आणि दादांचा हवालदार महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. दीड हजारांवर प्रयोग झाले. आशा भोसल्यांनी दादांना त्यातच पाहिलं, भालजी पेंढारकरांकडं नाव सुचवलं आणि त्यातून १९६९चा ‘तांबडी माती’ सिनेमा मिळाला. हे सगळं खरं, आणि दादांच्या हजरजबाबीपणाला माझा दंडवत आहे. पण नट ऐनवेळी मनचं बोलतो तेव्हा त्याला मनचं बोलायला जागा कुणी ठेवलेली असते? जागा ठेवणं ही लेखकाची करामत आहे. ज्याला स्वतःच्या प्रत्येक शब्दाचं कौतुक असतं त्याला ती जमत नाही.

गोष्ट म्हणशील तर मूठभर. कोतवाल मरतो. ती जागा आपल्याला मिळणार म्हणून हवालदार मिशीला पीळ देऊन बसतो आणि प्रधान आपल्याच नात्यातला माणूस तिथं चिकटवतो. मग हवालदार आणि नाचणारी मैनावती मिळून डाव रचतात. नवा कोतवाल मैनावतीवर लट्टू झालेला. ती त्याच्याकडं मागते राजाचा छपरी पलंग. पुढचं तुला ठाऊकच आहे. बाप्पा, यातलं काय जुनं झालंय सांग. जागा भरायच्या वेळी कुणाचा मेहुणा कुठं बसला याची चर्चा आपल्या चहाच्या टपरीवर आजही चालतेच ना? मूळ वग तमाशातला, छपरी पलंगाचाच. सबनीसांनी तो उचलला, घासूनपुसून शहरातल्या थेटरात आणला, पण त्याला इस्त्री केली नाही. हिंदीवाल्यांनीही ‘सैंया भये कोतवाल’ म्हणून तो आपलासा केला.

परवा वाचनालयाच्या वरच्या खोलीत पहिलं वाचन झालं. हवालदार कोण माहितीय? आपले कंडक्टर काका. एसटीतून निवृत्त झाले तरी बोलताना उजव्या हाताची बोटं तिकीट फाडल्यासारखी हलतात. पहिली दोन पानं त्यांनी शाळेतल्या धड्यासारखी वाचली. मग एका ठिकाणी थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद सोडून सुरूच झाले. नळाला पाणी किती दिवसांनी येतंय, टँकरवाला कुणाच्या दारात आधी थांबतोय, पीकविम्याचे पैसे कुणाच्या खात्यात गेले. आम्ही हसून बेजार. मला वाटलं, आता हे काही परत येत नाहीत. तर काका गोल फिरून नेमके सबनीसांच्या पुढच्या वाक्यावर येऊन टेकले, आणि ते वाक्य जणू आमच्या टँकरवरच लिहिलं होतं! काका म्हणाले, “हा माणूस लई हुशार हाय. दावं लांब सोडतोय, पण खुंटा पक्का रोवून ठेवलाय.” यापुढं तुझ्या पुण्याच्या वक्त्यानं तासभर बोलून काय वेगळं सांगायचंय?

सिनेमाचंही तेच. ‘सोंगाड्या’ १९७१चा, दादांचा म्हणून आपण ओळखतो, लेखन सबनीसांचं. ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘गंमत जंमत’ आणि १९८८ची ‘बनवाबनवी’, हे सचिनचे सिनेमे म्हणून ओळखतो. लेखणी पुन्हा यांचीच. ‘बनवाबनवी’ची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधली, १९६६ची. हे कळल्यावर काही शहाणे नाक मुरडतात. मला उलट तिथंच सबनीस मोठे वाटतात. खोली मिळेना म्हणून दोघांनी लुगडी नेसायची, ही युक्ती कुणालाही उसनी मिळेल. पण पुण्यातला घरमालक कसा बोलतो, थकलेल्या भाड्याची गोष्ट काढल्यावर भाडेकरू कसा विषय बदलतो, खोटं पचलं की माणूस किती लगेच दुसरं खोटं बोलतो, हे उसनं मिळत नाही. हिंदीतला तो सिनेमा आज किती जणांना आठवतो? आणि इकडं आपल्या पुतण्याला, जो त्या सिनेमानंतर वीसेक वर्षांनी जन्मला, त्याला त्यातले संवाद श्लोकासारखे पाठ आहेत. सबनीसांचं नाव विचारलं तर मात्र म्हणतो, “कोण, क्रिकेटवाले का?”

म्हातारपणी विनोद आटतो म्हणतात. यांनी सत्तरीच्या आसपास ‘गेला माधव कुणीकडे’ लिहिलं आणि प्रशांत दामल्यांनी ते वर्षानुवर्षं हाऊसफुल्ल चालवलं. तिथंही लोक सांगतात, दामल्यांचं नाटक पाहिलं.

मला कधीकधी लक्ष्मण देशपांडे आठवतात. आपले औरंगाबादचे, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले सर. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनीच लिहिलं आणि एकट्यानं बावन्न पात्रं उभी करून तेच स्वतः केलं. गिनीज बुकात नाव गेलं. त्यांना विसरायची सोयच नव्हती, कारण लिहिणाराच डोळ्यांपुढं घाम पुसत उभा होता. सबनीसांच्या वाट्याला ते आलं नाही. सरकारी प्रसिद्धी खात्यात नोकरी, बाकीच्या वेळात कागद, आणि टाळ्या घ्यायला दुसरेच. अर्थात त्यांची याबद्दल कुरकुर होती असं मी म्हणत नाही. कुरकुर माझी आहे.

राहता राहिला पलंग. नाटकातला पलंग प्लायवूडचा करू म्हणून नेपथ्यवाला मागे लागला होता, मी ऐकलं नाही. गंगाखेड रोडच्या एका जुन्या वाड्यात खरा सागवानी छपरी पलंग निघाला. चार खांब, वर नक्षीचं छत, डोक्याकडच्या फळीत आरशाचा एक तुकडा अजून शाबूत. वाड्यातल्या काकू म्हणाल्या, “न्या. पण ह्याच्यावर कुणी नाचायचं नाही, आमचे मालक गेले तेव्हापासून कुणी बसलंसुद्धा नाही.” मी म्हणलं, काकू, नाटकात हा पलंग चोरीला जातो. त्यावर म्हातारी अशी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. पहिल्या रांगेत खुर्ची मागितलीय तिनं, चोरी नीट होते का ते बघायला. आता अडचण एवढीच, की खांब दारापेक्षा उंच आहेत. सुतार म्हणतो, सगळे सांधे सोडवावे लागतील. सोडवू.

मैनावतीसाठी जिंतूरच्या एक शिक्षिका तयार झाल्यात. मला वाटलं होतं घरून नाही म्हणतील, तर सासूबाईच रिक्षात बसवून पाठवतात आणि आल्यावर तालमीत काय झालं ते विचारून घेतात. राजा ठरला. शिपाई दोन आहेत, एक ऐनवेळी लग्नाला जाईल हे धरून चाललोय. प्रधान नाही. प्रधानाला पोट पाहिजे, गोड बोलता आलं पाहिजे आणि आपल्या माणसाची शिफारस करताना चेहऱ्यावरची रेष हलता कामा नये. तू बँकेत वीस वर्षं मॅनेजर होतास. आणखी सांगू का?

संहिता पोस्टानं पाठवलीय, तुझी वाक्यं पेन्सिलीनं अधोरेखित करून. जिथं समासात फुली आहे, तिथं मनचं बोलायची मुभा. पण परत यायचा शब्द दोनदा अधोरेखित आहे, तो चुकवू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत येशीलच, तेव्हा दोन दिवस आधी निघ. नांदेडच्या गाडीनं ये. स्टेशनवर घ्यायला कंडक्टर काका येणार आहेत. सुट्टे पैसे जवळ ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. पागोटं बांधणारा मिळालाय, पण डोक्याचं माप मागतो. सुतळीनं मोजून कळव. आणि कटआऊटची ऑर्डर दिली असशील तर रद्द कर.