भागाकाराने विमानाची किंमत निघत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर हवाई दलाच्या तेजस लढाऊ विमानांवरची ‘तेजस ९२ कोटींनी महागले’ ही चौकट वाचली. म्हणजे एका विमानामागे ९२ कोटी. आकडा कुठून आला हे ओळखायला फार डोकं लागत नाही. २०२१ च्या करारातल्या ८३ विमानांचे ४५,६९६ कोटी भागिले ८३, म्हणजे ५५१. सप्टेंबर २०२५ च्या कराराचे ६२,३७० कोटी भागिले ९७, म्हणजे ६४३. वजाबाकी केली की मथळा तयार. गणित बिनचूक आहे, त्याबद्दल अभिनंदन.

पण दोन्ही खेपांचा माल एक नाही. आधीच्या ८३ मध्ये दोन आसनी विमानं १० होती, नव्या ९७ मध्ये २९ आहेत. नव्या खेपेत ‘उत्तम’ रडार, शत्रूचं रडार आणि क्षेपणास्त्रं चकवणारं ‘स्वयं रक्षा कवच’ आणि पंखांचे हलते भाग चालवणारे अ‍ॅक्च्युएटर देशी आहेत. आधीपेक्षा ६७ वस्तू जास्तीच्या देशी. ६२,३७० कोटींत सोबतची सामग्री धरलेली आहे, कर धरलेले नाहीत. शिवाय इंजिन अमेरिकेचं, पैसे डॉलरमध्ये. पहिल्या कराराच्या वेळी डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, दुसऱ्या वेळी ८८ च्या वर. हे चार मुद्दे सोडले तर तुमची तुलना ठीक आहे.

इंजिनांचंच घ्या. ‘८३ विमानांना ९९ इंजिनं कशाला?’ असा खोचक प्रश्न चौकटीत आहे. तेजसला इंजिन एकच. तपासणीची वेळ भरली, किंवा पक्षी आत जाऊन पात्यांना खाच पडली, की ते उतरवून दुरुस्तीच्या शॉपला पाठवावं लागतं. तोवर विमान हँगरमध्ये उभं ठेवायचं नसेल तर दुसरं इंजिन तयार लागतं. ९७ विमानांसाठी ११३ घेतली, तिथेही जास्तीची १६ च. हा घोटाळा नाही, स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, चालवण्याचा साधा हिशेब आहे. ओरडायचंच होतं तर उशिरावर ओरडायचं. ९९ इंजिनांचा ५,३७५ कोटींचा करार ऑगस्ट २०२१ चा, आणि त्यातलं पहिलं इंजिन हाती पडलं मार्च २०२५ मध्ये. विमानं मात्र २०२४ पासून मिळायची होती. याबद्दल तुमच्या बातमीत एक ओळ नाही.

नावाचाही घोळ आहेच. एका परिच्छेदात मार्क-१ए, पुढच्यात मार्क-२, मथळ्यात नुसतं तेजस. वाजपेयींनी २००३ मध्ये नाव दिलं तेव्हा तेवढ्यावर भागत होतं. आता आडनाव लावल्याशिवाय माणूस कळत नाही. मार्क-२ चं इंजिन एफ-४१४, पुढे कॅनार्ड म्हणजे नाकाजवळचे छोटे पंख, कमाल वजन साडेसतरा टन. मार्क-१ए चं इंजिन एफ-४०४, वजन साडेतेरा टन. तुम्ही ज्या करारावर लिहिलंत त्यात मार्क-२ एकही नाही.

शेजारचा राफेलचा तक्ता तर कहरच. ३६ विमानं, सुमारे ५९,००० कोटी, पुन्हा भागाकार! त्या रकमेत क्षेपणास्त्रं होती, सुटे भाग होते, आपल्यासाठी करून घेतलेले बदलही होते. राफेल साडेचोवीस टनांचं, दोन इंजिनांचं. शस्त्रं आणि इंधनाच्या जादा टाक्या टांगायच्या जागा चौदा. तेजसला आठ, त्यातली एक लक्ष्यवेधी पॉडची, म्हणजे नेम धरायच्या उपकरणाची. लांब जायचं म्हणून टाक्या लावल्या की तितक्या बॉम्बच्या जागा गेल्या. तेजस आलं ते मिग-२१ च्या जागी, राफेलच्या नव्हे. आणि मिग-२१ निवृत्त झालं ते याच कराराच्या दुसऱ्या दिवशी, २६ सप्टेंबर २०२५ ला. तक्ता काढायचाच होता तर या दोघांचा काढायचा.

जाता जाता, बातमीवरचा फोटो सुखोई-३० चा आहे. नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात आधी सुखोई जोडली जायची, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच तेजस मार्क-१ए उडालं, त्यामुळे गल्लत झाली असावी असं समजून घेतो. ओळखायची खूण सोपी आहे: मागे दोन उभ्या शेपट्या आणि दोन इंजिनं दिसली तर सुखोई, एक शेपटी, एक इंजिन आणि त्रिकोणी पंख दिसले तर तेजस. खुलासा छापणार असाल तर तो पहिल्याच पानावर यावा, नवव्या पानावर शब्दकोड्याखाली नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक रोड