भर पावसात, सकाळी सातला आलेल्या दादांना

आदरणीय दादा,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या सोलरच्या दुरुस्तीत तुम्ही जे केलंत ते आमच्या वाडीबाहेरही कळायला हवं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली तालुक्यात कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. तेव्हा माझे सासरे, अण्णा, ठणठणीत होते. आता त्यांना रात्रभर ऑक्सिजनचं मशीन लागतं. नुसते सोलर पॅनेल बसवून आमचं भागणार नव्हतं. लाइन गेली की साधा सोलर इन्व्हर्टरही बंद होतो. तो बंद व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या घरातून शॉक बसेल. म्हणून बॅटरीही घेतली. तीन किलोवॅटच्या पॅनेलना सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं, बॅटरी पदरच्या पैशाने.

उन्हाळा छान गेला. पाऊस लागला आणि रोज सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा, ‘आयसोलेशन लो’, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीला झिरपतेय. अकरा-बारा वाजता उघडीप मिळाली की आपोआप सुरू. तोवर अर्धा दिवस गेलेला, त्यात मळभ, म्हणजे संध्याकाळी बॅटरी अर्धीच. ज्यांनी बसवलं त्यांचा माणूस तीनदा आला, तिन्ही वेळा दुपारी, आणि तिन्ही वेळा सगळं ठीक दिसलं. शेवटी त्यांनी इन्व्हर्टर बदलायला सांगितला. तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता.

तुम्हाला फोनवर एवढंच सांगितलं. तुम्ही विचारलंत, “ताई, दिवा पाऊस पडतानाच लागतो का?” मी हो म्हटलं. “मग मी ओलं असतानाच येतो. सुकल्यावर येऊन उपयोग नाही.” आणि चिपळूणहून पहाटे निघून, रेनकोटमधून पागोळ्या गळत, सातला आमच्या पडवीत उभे राहिलात. चहा आधी घेतला नाहीत. मीटर आधी काढलंत.

आधी डीसीचा स्विच बंद केलात, मगच कनेक्टर सोडवलात. वीज वाहत असताना एमसी-फोर, म्हणजे पॅनेलच्या वायरींचा हा कनेक्टर, कधीही ओढायचा नाही, हे मला दोनदा बजावलंत. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. पॅनेलची डीसी शून्यावर येतच नाही, तिची ठिणगी पेटतच राहते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पॅनेल माझ्याच डोक्यावर होते!

मग मीटरची एक वायर अर्थिंगला लावलीत आणि आकडे मला वाचायला सांगितलेत. दोन टोकांमध्ये २५२ व्होल्ट. पॅनेल सहा, म्हणजे प्रत्येकी ४२. प्लस ते अर्थिंग १६८, मायनस ते अर्थिंग ८४. वायरिंग कुठेच जमिनीला टेकलेलं नसतं तर हे आकडे असे ठाम उभे राहिले नसते, असं तुम्ही म्हणालात. १६८ म्हणजे बरोबर चार पॅनेल. “प्लसकडून चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये बघतो,” म्हणालात आणि शिडी चढलात. दहा मिनिटांत खालून विचारायच्या आधीच तुमचा आवाज आला, “सापडलं!” सैल सोडलेली वायर वाऱ्याने पत्र्याच्या कडेवर घासून आतलं तांबं दिसत होतं. पत्रा ओला झाला की करंट जमिनीला झिरपायचा आणि सुकला की थांबायचा. इन्व्हर्टर रोज सकाळी खरंच सांगत होता. ऐकायला त्या वेळी कुणी आलं नव्हतं.

तेवढी वायर बदललीत, नवे कनेक्टर दाबून घट्ट बसवून ओढून पाहिलेत, पाइपात घालून फ्रेमला बांधलीत. काम तिथे संपलं होतं. पण उतरल्यावर तुम्ही स्वतःहून विचारलंत, “बॅटरी रात्री कधी अचानक बंद पडते का?” पडायची. पडद्यावर साठ टक्के दाखवायची आणि तीन वाजता सगळा अंधार. अशा दोन रात्री मी अण्णांच्या उशाशी बसून काढल्यात. बॅटरी लिथियमची, आणि इन्व्हर्टरमध्ये सेटिंग मात्र जुन्या लेड-अ‍ॅसिडचं राहिलेलं. लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास तसाच राहतो, त्यावरून ती किती भरली हे कळत नाही, ते बॅटरीलाच विचारावं लागतं. तुम्ही सेटिंग बदललंत आणि दोघांमधली केबल जोडलीत. ती केबल खोक्यात तशीच पडून होती, पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

मग कागदावर हिशेब मांडलात. मशीन साडेतीनशे वॅट, दहा तास, म्हणजे साडेतीन युनिट. बॅटरी पाच युनिटची. फ्रिज आणि पंप बॅकअपवरून काढलेत. तो कागद मी घरातल्या स्विचांच्या पेटीच्या दारावर चिकटवलाय.

परवा रात्री वादळी पाऊस झाला. लाइन गेल्याचं मला सकाळी शेजारच्या काकूंनी सांगितलं. अण्णा झोपलेले होते, मीही.

तुम्ही पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणालात, “वायर होती हो, अजून काय.” दादा, आमच्यासाठी ती नुसती वायर नव्हती.

आणि एक. खालच्या वाडीत एका घरी गेल्या आठवड्यापासून सकाळी तोच लाल दिवा लागतोय. त्यांना मी निक्षून सांगितलंय, इन्व्हर्टर बदलू नका, पाऊस पडू दे आणि दादांना येऊ दे.

तुमची,
दापोलीची ताई