सोमवारपासून लाइट सुरू

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे धड सांगता आलं नसतं. आई रडली असती, मग मी. म्हणून लिहितेय. परवा डॉक्टरांना सांगून आले, काढलेल्या स्तनाच्या जागी ठेवायचं ते इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम स्तन, आत्ता बसवायचं नाही. सोमवारपासून आधी लाइट, म्हणजे कॅन्सरवरचे किरणोपचार. आत्या शेक म्हणायची, तेच.

आई, लाइटआधी सगळं उरकून टाक म्हणालीस, ते माझ्याच मायेपोटी, कळतं गं. पण ऐक. परकी वस्तू आत ठेवली की शरीर तिच्याभोवती पातळ पापुद्रा धरतं. तेवढ्याने बिघडत नाही. त्यावर किरणं पडली की मात्र तोच पापुद्रा जाड होऊन आवळू शकतो. मग जागा टणक होते, दुखते, कधी जंतुसंसर्ग होऊन काढूनच टाकावं लागतं. सगळ्यांचं असं होत नाही, कितीतरी जणींचं छान राहतं. पण लाइट घेणाऱ्यांना हा धोका पुष्कळ जास्त. आणि काखेतल्या चार गाठींत आजार निघालाय, त्यामुळे लाइट टाळता येणार नाही. आत्ता पुन्हा ऑपरेशन म्हणजे लाइट लांबणार. ते मला नको.

कातडी निवली की, सहा महिन्यांनी, वर्षाने, पोटावरची कातडी-चरबी घेऊनही स्तन घडवता येतो. ऑपरेशन मोठं असतं, पण आपलंच अंग. तेव्हा ठरवू. कदाचित नकोही वाटेल. तसं झालं तरी मी तुमची तीच आहे ना?

लाइट 15 दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. दुखत नाही. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही, चिऊला कुशीत घेऊन झोपायला हरकत नाही. मी दोनदा विचारलं.

बाबा, एक तुमच्यासाठी. डावी बाजू, म्हणून श्वास भरून धरायचा. छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब राहतं. प्लॅनिंगला तिळाएवढे शाईचे ठिपके गोंदले, गार टेबलावर हात डोक्यावर घेऊन निजवलं आणि स्पीकरवरून आवाज आला, श्वास भरा, धरून ठेवा. वीसेक सेकंद. पहिल्यांदाच जमलं म्हणून तिथली मुलगी खूश. आपल्या विहिरीच्या काठावर बसून तुम्ही आकडे मोजायचात आणि चाळीस झाल्याशिवाय मी वर यायची नाही, हे तिला कुठून ठाऊक? डोळे मिटले तर तुम्हीच मोजत होतात.

आत्ता निघू नका. तीन मजले, लिफ्ट नाही, आईचे गुडघे. नको म्हणते म्हणजे तुम्ही नको आहात असं नाही हं. पोळ्यांना बाई आहेत, रिक्षा ठरलीय, सासूबाई रोज ताक घुसळून ठेवतात. संपलं की मीच येईन, महिनाभर राहीन, आमटी-भात खाईन, दुपारी आईशेजारी लोळेन.

आणि बाबा, मोतीबिंदू आता पुढे ढकलायचा नाही. आई, बीपीची गोळी उपासालाही घ्यायची. माळ्यावर दोघांनीही चढायचं नाही. आई, तू आणि मावशी छातीची तपासणी करून या, मी तारीख विचारणार आहे.

एक काम आहे तुझ्याकडे. ती मऊ झालेली इंदुरी साडी फाडून ब्लाउजच्या आत ठेवायला एक छोटी पिशवी शिव, कापूस भरून. दुकानातली जड वाटते. माप उजव्या बाजूचं, तुला ठाऊकच आहे. शिवण कातडीकडे येऊ देऊ नकोस, घासते.

तुमची,
छबू