भंगारातलं स्टेनलेस सुरीच्या मुठीला वापरा

संपादक साहेब,

भंगारातले स्टेनलेसचे रॉड, पट्ट्या सरसकट वितळवायला पाठवतात ते बघून जीव तुटतो, आधी सुरी बनवणाऱ्यांना निवडू द्या ना. ३०४ स्टीलमध्ये (हा स्टेनलेसचा नेहमीचा एक प्रकार) साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल असतं, तापवून पाणी दिलं तरी ते कडक होत नाही म्हणून पात्याला उपयोग नाही, पण मुठीच्या पिना, रिवेट, पात्याजवळची कडी यासाठी एकदम मस्त, सहसा गंजत पण नाही. फक्त ड्रिल मारताना स्पीड कमी, दाब भरपूर आणि तेल सोडत राहायचं, बिट नुसतं घासत राहिलं की तिथलं स्टील इतकं टणक होतं की नव्या बिटची पण धार जाते, माझी दोन अशीच गेली. आणि ग्राइंडिंग करताना मास्क लावाच, ती धूळ फुफ्फुसाला फार वाईट.

एक वाचक