तिकीट कापू नका, गठ्ठा फोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पोस्टाच्या तिकिटांवरचा लेख आवडला, पण पाकिटाचा कोपरा कापून तिकीट पाण्यात भिजवून कसं सोडवायचं ते वाचलं आणि पोटात गोळाच आला. मी गेली बारा वर्षं पेन्सिल्व्हेनियात राहतोय आणि नाद लागलाय तो एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पत्रांचा, दुकानांच्या बिलांचा, पावत्यांचा. बायको रद्दी म्हणते, चालायचंच.

मुळात इथे सरकारी तिकीट निघालं 1847 ला, 5 सेंटचं फ्रँकलिनचं आणि 10 सेंटचं वॉशिंग्टनचं. त्याआधीच्या पत्रांना तिकीट नाही आणि बहुतेकदा पाकीटही नाही, लिहिलेल्या कागदाचीच घडी करून लाखेने बंद करायची आणि बाहेर पत्ता. पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याने द्यायचे, तेही किती लांबून आलं आणि आत किती कागद यावर, दोन कागद की डबल. म्हणून लोक एक पान भरलं की तेच आडवं धरून त्याच ओळींवर परत लिहायचे, वाचताना डोळ्यांची वाट लागते. माझ्याकडच्या एका पत्रावर शाईने 18¾ लिहिलंय, म्हणजे चक्क पावणेएकोणीस सेंट! तेव्हा इथे स्पॅनिश चांदीची नाणी सर्रास चालायची, डॉलरला आठ रेआल, म्हणजे रेआल साडेबारा सेंटचा आणि दीड रेआल पावणेएकोणीस. 150 ते 400 मैलांचा दर तोच होता, 1845 ला नवा कायदा येईपर्यंत. अल्बमवाल्यांना यातलं काय कापायला मिळणार?

बिलांचं तर विचारूच नका. 1867 चं एका हार्डवेअर दुकानाचं बिल आहे, वर तीन मजली दुकानाचं झकास चित्र (खरं दुकान एवढं होतं का देव जाणे), मग खिळे, बिजागऱ्या, कुलपं आणि खाली 2 सेंटचा रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर दुकानदाराची आडवी सही आणि तारीख. यादवी युद्धाच्या खर्चासाठी 1862 ला हा कर आला आणि पुढे 20 डॉलरच्या वरच्या पावतीला हे तिकीट लागायचं. आपल्याकडे पगाराच्या पावतीवर लावायचो तसंच. तो स्टॅम्प सुटा काढला तर किंमत चहाएवढी पण नाही.

पण कात्रीपेक्षा जास्त नुकसान करतात ते गठ्ठा फोडून विकणारे. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी बोस्टनला धाडलेली पत्रं आज हार्वर्डच्या लायब्ररीत एकत्र आहेत म्हणून त्यांचा काही अर्थ लागतो. इथल्या एका विक्रेत्याकडे एका पीठ गिरणीवाल्याची आख्खी पेटी आली होती, मी त्यातली अकरा पत्रं घेतली आणि पुढच्या महिन्यात पैसे जमवून गेलो तर चित्रवाली बिलं फ्रेमवाल्यांकडे, तिकीटवाली तिकीटवाल्यांकडे, लढाईचा उल्लेख असलेली तिसऱ्याकडे, आणि साधी पत्रं कचऱ्यात.

तर तुमच्या वाचकांना एवढं कळवा की घरात असा गठ्ठा निघाला तर सुतळी सोडण्याआधी फोटो काढा, मागे पेन्सिलीने नंबर घाला, पेनने नको.

माझ्या अकरा पत्रांत एक व्यापारी चाळीस डॉलरच्या उधारीसाठी गिरणीवाल्याच्या मागे लागलाय, शेवटच्या पत्रात तर वकिलाची धमकी आहे. पैसे दिले की नाही ते पुढच्या पत्रांत असणार, आणि ती आता कोणाच्या भिंतीवर लटकतायत कुणास ठाऊक.

आपला,
एक वाचक, पेन्सिल्व्हेनिया