सोर्स कोड जमा होतो, आतले रेपो राहून जातात

संपादक महोदय,

संशोधन प्रकल्प संपला किंवा सॉफ्टवेअरचे काम दुसऱ्याकडे सोपवले, की ‘सोर्स कोड जमा’ अशी नोंद होते. जमा झालेली असते बहुधा एक झिप. प्रकल्पात सबमॉड्यूल असतील, म्हणजे एका गिट रेपोच्या (गिट ही कोडमधील बदलांचा इतिहास जपणारी प्रणाली, रेपो म्हणजे तिच्यातील साठा) पोटात दुसरा रेपो असेल, तर ती झिप अपुरी असते. अशी झिप बनवणारी ‘गिट आर्काइव्ह’ ही आज्ञा सबमॉड्यूलच्या जागी रिकामे फोल्डर ठेवते आणि तसे सांगतही नाही.

मुख्य रेपो आतल्या फाइली साठवतच नाही. त्या जागी १६०००० मोडची एक नोंद असते, तिच्यात आतल्या रेपोतील एका कमिटचा (नोंदवून ठेवलेल्या टप्प्याचा) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, एरवी ४० अक्षरांचा. तो रेपो आणायचा कुठून, हे ‘.गिटमॉड्यूल्स’ या फाइलीत लिहिलेले असते. तो पत्ता बंद पडला की हाती नुसता हॅश उरतो. मुख्य रेपोचा मिरर क्लोन (इतिहासासह पूर्ण प्रत) किंवा बंडल (तोच इतिहास एका फाइलीत) केले तरी सबमॉड्यूलचा एकही कमिट त्यात येत नाही.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे क्लोन केलेला रेपो तसाच फोल्डरमध्ये ठेवून ‘गिट ॲड’ या आज्ञेने मुख्य रेपोत घालणे. गिट ताकीद देते खरी, पण नोंद करून मोकळे होते; पत्ता कुठेच लिहिला जात नाही. म्हणून रेपोतील नोंदींची यादी देणाऱ्या ‘गिट एलएस-ट्री’ने १६०००० मोडच्या सगळ्या नोंदी काढून ‘.गिटमॉड्यूल्स’शी ताडून पाहाव्यात. बेवारस नोंदींचा मूळ रेपो कोणता, हे काम करणारी माणसे पांगण्याआधीच विचारून घ्यावे.

मग प्रत्येक सबमॉड्यूलचा, त्याच्याही आत असतील तर त्यांचा, स्वतंत्र मिरर घ्यावा. पत्ते मधल्या काळात बदललेले असतात, तेव्हा ‘.गिटमॉड्यूल्स’चा आजवरचा इतिहास चाळावा. नोंदलेला कमिट मिररमध्ये खरोखर आहे ना, हेही तपासावे. फोर्स-पुशनंतर, म्हणजे जुना इतिहास पुसून नवा लादल्यावर, तो नाहीसा झालेला असू शकतो.

कामाचे फोल्डर ‘टार’ करायचे (एका फाइलीत बांधायचे) तर मुख्य रेपोच्या सर्वांत वरच्या फोल्डरपासून करावे. सबमॉड्यूलमध्ये ‘.गिट’ हे सहसा फोल्डर नसून एका ओळीची फाइल असते. खरा इतिहास मुख्य रेपोच्या ‘.गिट’मधील ‘मॉड्यूल्स’मध्ये असतो. ग्नू टार या प्रोग्रामचा ‘एक्सक्लूड-व्हीसीएस’ हा गिटसारख्या प्रणालींच्या फाइली गाळणारा पर्याय तर ‘.गिटमॉड्यूल्स’देखील वगळतो. एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या साठवणारी गिटची जोड) वापरले असेल तर मोठ्या फाइलींच्या जागी काही ओळींचे पॉइंटर येतात. खऱ्या फाइली आणण्यासाठी ‘गिट एलएफएस फेच’ ही आज्ञा ‘ऑल’ पर्यायासह चालवावी.

पोच देण्याआधी इंटरनेट बंद करून दुसऱ्या संगणकावर सबमॉड्यूलसह क्लोन करून पाहावा. ‘इन्स्टेडऑफ’ सेटिंगने जुने पत्ते स्थानिक मिररकडे वळवता येतात. सुरक्षेसाठी ऑक्टोबर २०२२ पासूनच्या गिटमध्ये सबमॉड्यूल स्थानिक फोल्डरमधून आणायला मनाई आहे, म्हणून ‘प्रोटोकॉल.फाइल.अलाउ’ हे सेटिंग तेवढ्या चाचणीपुरते ‘ऑलवेज’ करावे, नाहीतर मिरर धड असूनही क्लोन अडतो.

– एक वाचक